दुखऱ्या अंगाची शिवारफेरी

– एक कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी)



कृषी विस्ताराच्या नोकरीत माझी अठ्ठावीस वर्षे गेली. या काळात बियाणे, खते, फवारणी, ठिबक यांविषयी मी तुम्हाला पुष्कळ सांगितले. आज मात्र अशा एका अवजाराविषयी लिहिणार आहे, की ज्याच्यावाचून दुसरे कोणतेच अवजार चालत नाही. ते अवजार म्हणजे आपले शरीर. नांगराचा फाळ बोथट झाला तर आपण लगेच लोहाराकडे जातो. कंबर धरली, गुडघा सुजला, मान आखडली, तर मात्र "होईल बरे" म्हणून वर्षे काढतो.

आवणीच्या दिवसांत संध्याकाळी कोणत्याही पाड्यावर जाऊन पाहा. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावलेल्या बाया उठताना भिंतीचा आधार घेतात. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप घेऊन फिरणाऱ्याचे खांदे भरून येतात. ट्रॅक्टरवाल्याची कंबर, ऊसतोडणी करणाराचे मनगट, दूध काढणारणीची बोटे, प्रत्येकाचे काही ना काही दुखतेच. त्यातले बरेचसे दुखणे विश्रांतीने जाते. पण काही दुखणी औषधपाणी करूनही जात नाहीत. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी ती घरातच राहतात. अशा दुखण्याबरोबर नीट संसार कसा करावा, याची एक साधी, बिनखर्ची रीत मला मुंबईच्या उपनगरांत पाहायला मिळाली. ती तुमच्यापर्यंत पोचवावी म्हणून हा लेख.

माझे स्वतःचे दुखणे

आठ वर्षांपूर्वी एका पाड्यावरून परतताना माझी मोटारसायकल चारीत गेली. हाड मोडले नाही, पण कंबरेत जी कळ बसली ती गेलीच नाही. सुरुवातीला दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या. सकाळी एक, दुपारी एक, लांब जायचे असेल तर आणखी एक. असे दीड वर्ष चालले. मग एकदा रक्त तपासले, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले, "साहेब, या गोळ्या अशाच खात राहिलात तर मूत्रपिंडाला धोका आहे." तुम्हाला कीटकनाशकाचे प्रमाण मोजून वापरा म्हणून सांगणारा मी! स्वतःच्या पोटात काय प्रमाणात टाकतो आहे, याचा हिशेब मी कधी ठेवला नव्हता.

पुढे मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवले. फोटो पाहून ते म्हणाले, शस्त्रक्रियेची गरज नाही. व्यायाम करा, चालते-फिरते राहा. दुखणे मुळातून जाईल असे मात्र सांगता येत नाही. मला त्यांचा रागच आला. एवढ्या लांब येऊन हेच ऐकायचे होते का, असे वाटले. त्या काळात माझा स्वभावही बिघडला होता. घरी कोणी काही विचारले की मी खेकसत असे. रात्री झोप नसे. कंबर दुखे ती दुखेच, पण "आता उरलेली नोकरी कशी होणार, म्हातारपणी काय होणार" या विचाराने ती दुप्पट दुखे.

उतरलो होतो बोरिवलीला बहिणीकडे. तिच्या सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या. दोन्ही गुडघे संधिवाताने वाकडे झालेले. पहाटे पाणी प्यायला उठलो तर त्या सतरंजीवर उताण्या निजलेल्या, डोळे मिटलेले, पण जाग्या. वीस मिनिटांनी कुशीवर वळून हळूच उठल्या. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, रोज अंगावरून एक फेरी मारते. गुडघे आहेत तसेच आहेत. पण पूर्वी मी सगळी म्हणजे गुडघाच झाले होते, आता गुडघ्याशिवाय बाकीची मीही आहे हे कळते."

त्याच दिवशी बहीण म्हणाली, "दादा, चल, तुला एक जागा दाखवते."

गोराईचा पॅगोडा आणि एक डोकेदुखी

बोरिवली पश्चिमेला गोराईची खाडी आहे. तिथून लाँचने पलीकडे गेले की सोनेरी रंगाचा प्रचंड घुमट दिसतो. हा विश्व विपश्यना पॅगोडा. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आतला घुमट सुमारे २८० फूट रुंद आहे आणि त्याला मधे एकही खांब नाही. एकमेकांत अडकवलेल्या दगडांनी तो पेलला आहे. एका वेळी आठ हजार माणसे आत ध्यानाला बसू शकतात. शेजारीच 'धम्म पत्तन' नावाचे शिबिर-केंद्र आहे.

ज्यांच्या प्रेरणेने हे उभे राहिले ते सत्यनारायण गोएंका काही संन्यासी नव्हते. १९२४ साली ब्रह्मदेशात मंडालेला जन्मलेले ते व्यापारी गृहस्थ. त्यांना अर्धशिशीचा भयंकर आजार होता. झटका आला की मॉर्फिनचे इंजेक्शन घ्यावे लागे. आता या औषधाचीच सवय लागेल, अशी भीती डॉक्टरांना वाटू लागली. युरोप, अमेरिका, जपानपर्यंत जाऊन उपचार केले, पण गुण आला नाही. तेव्हा एका मित्राने त्यांना रंगूनच्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पाठवले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते आणि नोकरी सांभाळून ध्यान शिकवीत.

पुढची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गोएंका म्हणाले, माझी डोकेदुखी घालवा. ऊ बा खिन यांनी त्यासाठी शिकवायला नकार दिला. मन निर्मळ करण्यासाठी येणार असाल तर या, डोकेदुखीसाठी नको, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. काही महिने विचार करून १९५५ साली गोएंका शिबिराला बसले. पुढे त्यांची अर्धशिशी गेली. पण ते आयुष्यभर हेच सांगत राहिले की रोग जाणे हे या विद्येचे ध्येय नाही, गेला तर तो वरचा लाभ. १९६९ साली ते भारतात आले आणि त्याच वर्षी जुलैत त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीचे 'धम्मगिरी' केंद्र सुरू झाले. २०१३ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.

ही विद्या एका भातशेतकऱ्याची

हे सारे शिकल्या-सवरलेल्या शहरी माणसांचे, आपले नव्हे, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण ऊ बा खिन यांना ही विद्या दिली ती सया थेटजी नावाच्या गृहस्थाने. रंगूनजवळ नदीपलीकडच्या एका खेड्यात त्याची भातशेती होती. १९०३ साली कॉलऱ्याची साथ आली आणि तीत त्याची मुले गेली. त्या दुःखाने तो घराबाहेर पडला, कित्येक वर्षे शिकला आणि परत आपल्या गावी येऊन शिकवू लागला. त्याच्या सुरुवातीच्या शिष्यांत शेतमजूर होते. त्यांना पोथ्यांतली पाली भाषा कुठून येणार! ऊ बा खिन त्याच्याकडे गेले ते १९३७ साली. म्हणजे चिखलात पाय असलेल्या माणसाकडून ही रीत सरकारी कचेरीत गेली आणि तिथून बोरिवलीच्या खाडीवर आली. ती पुन्हा आपल्या बांधावर यावी यात नवल नाही.

रीत तशी सोपी आहे. प्रथम श्वास जसा येतो-जातो तसा पाहायचा. मग डोक्यापासून पायापर्यंत आणि पायापासून डोक्यापर्यंत अंगाच्या एकेका भागावर लक्ष न्यायचे आणि तिथे जे जाणवेल ते नुसते जाणायचे. ऊन, गार, मुंग्या, ओढ, ठणका, काहीही असो. चांगले वाटले म्हणून धरून ठेवायचे नाही, वाईट वाटले म्हणून ढकलायचे नाही.

आम्ही विस्ताराच्या कामात शिवारफेरी काढतो. शिवारफेरीत आपण एकाच रोगट वाफ्यापाशी कपाळाला हात लावून बसत नाही. सगळे शेत बांधाबांधाने पाहतो. रोग कुठे आहे, किती आहे, कुठे नाही, हे कळले की निम्मी घाबरगुंडी जाते. हीही तशीच फेरी, फक्त स्वतःच्या अंगाची.

डॉक्टर काय सांगतात?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. ताजे दुखणे हा राखणदार आहे. काटा रुतला की तो ओरडतो आणि आपण पाय उचलतो. पण जुनाट दुखण्यात पुष्कळदा असे होते की रानडुक्कर निघून गेले तरी माचावरचा राखणदार डबा बडवतच राहतो. पान हलले तरी त्याला डुक्करच दिसते. शिरा आणि मेंदू यांना धोक्याची सवय जडलेली असते. म्हणून दुखणे खोटे असते असे मुळीच नाही. ते खरेच दुखते.

१९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडले की वेदनेच्या वाटेवर पाठीच्या कण्यात जणू एक दार असते. कालव्याच्या चारीचे दार जसे कमी-जास्त उघडता येते, तसे भीती, काळजी, कुठे लक्ष आहे यांवर तेही कमी-जास्त उघडते. आपण अंग आवळून, दात खाऊन दुखण्याशी झुंजतो तेव्हा ते दार अधिकच उघडते. भोवतीचे स्नायू ताठतात आणि मूळ दुखण्यावर दुसरे दुखणे चढते. हे वरचे दुसरे दुखणे कमी करणे आपल्या हातात असते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्याच्या रुग्णांना ही अंगाची फेरी झोपून करायला शिकवली. रुग्णांना झेपेल असा सौम्य, आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम पुढे त्यातूनच रूढ झाला. २०१६ साली तिकडे जुनी कंबरदुखी असलेल्या ३४२ लोकांवर घेतलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी पाहता, हा अभ्यासक्रम दिलेल्या शंभरांतील सुमारे ६१ जणांना रोजची कामे लक्षात येण्याइतकी सोपी झाली होती. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत हा आकडा ४४ होता. दुखण्याचा त्रास चांगला कमी झाल्याचे सांगणारे मात्र पहिल्या गटात सुमारे ४४ आणि दुसऱ्या गटात २७ होते.

हे आकडे प्रात्यक्षिक प्लॉटच्या उताऱ्यासारखे नीट वाचा. सगळ्यांचे दुखणे गेले नाही. निम्म्याहून अधिक लोकांना दुखण्यात मोठा उतारही पडला नाही. पण काम करता येणाऱ्यांची संख्या वाढली. जो कोणी "आठ दिवसांत कंबर बरी करतो" म्हणेल, त्याच्यापासून बनावट बियाण्याच्या पिशवीइतकेच सावध राहा.

वर्सोव्याची दुसरी वाट

मांडी घालून बसता येत नाही, अशी पुष्कळांची अडचण असते. त्यासाठी उपनगरांतलीच दुसरी एक शिकवण कामी येते. अंधेरीजवळ वर्सोव्याला २५ डिसेंबर १९१८ रोजी श्री योगेंद्र यांनी 'द योगा इन्स्टिट्यूट' ही संस्था सुरू केली. १९४८ पासून ती सांताक्रूझला आहे. घरसंसार करणाऱ्या सामान्य माणसाला योग शिकवावा, हा तिचा हेतू. तिथे 'निस्पंदभाव' नावाची एक बैठक शिकवतात. भिंतीला पाठ टेकायची, पाय समोर सैल पसरायचे, तळहात उलथे करून मांड्यांवर सोडायचे, डोळे मिटायचे आणि कानावर येईल तो आवाज नुसता ऐकत राहायचे. शवासन तर सर्वांना ठाऊकच आहे. गोराईची फेरी या दोहोंपैकी कोणत्याही स्थितीत करता येते. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसूनही चालते.

प्रत्यक्ष कृती

१. वेळ ठरवा. पहाटे जनावरांकडे जाण्यापूर्वी किंवा रात्री जेवणानंतर तासा-दीड तासाने पंधरा ते वीस मिनिटे पुरेत. मोबाईल दूर ठेवा.

२. सतरंजीवर किंवा घोंगडीवर उताणे निजा. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली गोधडी घ्या. थंडी असेल तर अंगावर पांघरूण घ्या.

३. दोन-तीन मिनिटे नाकपुड्यांपाशी श्वास पाहा. तो मुद्दाम मोठा करू नका.

४. लक्ष डाव्या पायाच्या बोटांवर न्या. मग तळवा, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी. तसेच उजव्या पायाचे. पुढे कंबर, पोट, पाठ, छाती, दोन्ही हात बोटांपर्यंत, खांदे, मान, चेहरा, टाळू. प्रत्येक जागी दोन-तीन श्वास थांबा. काही जाणवले नाही तरी हरकत नाही. "इथे काही जाणवत नाही" हेही कळणेच आहे.

५. दुखऱ्या जागी आलात की एकदम मध्यात घुसू नका. आधी कडेकडेने पाहा. दुखणे कुठे सुरू होते, कुठे संपते? ते जळते, ओढते, टोचते की ठणकते? सारखेच राहते की कमी-जास्त होते? पाहता पाहता कळेल की ज्याला आपण अखंड दुखणे म्हणत होतो ते क्षणाक्षणाला बदलते आहे.

६. कळ असह्य झाली तर लक्ष तळहातांवर किंवा श्वासावर परत आणा. कूस बदलावीशी वाटली तर सावकाश बदला. दात खाऊन सोसणे हा या कृतीचा भाग नाही.

७. शेवटी एक मिनिट सगळे अंग एकत्र जाणा. मग कुशीवर वळा, हाताचा आधार घ्या आणि हळूहळू उठा.

निदान आठ आठवडे रोज करा. पेरले की दुसऱ्या दिवशी माती उकरून कोंब पाहण्याची घाई नको.

नेहमीच्या शंका

"मन जाग्यावर राहत नाही, भाव, कर्ज, पाऊस हेच डोक्यात येते." सर्वांचेच तसे होते. मोकळे सुटलेले वासरू परत दाव्याला आणावे तसे न रागावता लक्ष परत आणायचे. पंधरा मिनिटांत पन्नास वेळा आणावे लागले तरी अभ्यास झालाच.

"झोप लागते." दमलेल्याला झोप लागली तर बिघडले काय? पण रोजच लागत असेल तर भिंतीला टेकून बसून करा.

"दुखणे उलट जास्त जाणवते." पहिले काही दिवस तसे वाटू शकते, कारण आजवर आपण त्याच्याकडे पाहतच नव्हतो. तेव्हा वेळ कमी करा, दुखऱ्या भागावर थोडेच थांबा. तरीही त्रास वाढत गेला तर बंद करून डॉक्टरांना विचारा.

"दहा दिवसांच्या शिबिराला जावे का?" विपश्यना केंद्रांत फी नसते, जेवण-राहणेही विनामूल्य असते. खर्च आधी शिकून गेलेल्यांच्या दानातून चालतो. पण ते शिबिर कडक आहे. पहाटे चारला उठणे, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बैठक. गरजवंताला खुर्ची मिळते. आधी घरी दोन-तीन महिने थोडे थोडे करून पाहा. ज्यांना पूर्वी गंभीर मानसिक आजार झाला आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये आणि अर्जात तो आजार लपवू नये.

आधी डॉक्टर, मग फेरी

नवीन दुखणे आधी डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, दुखण्याबरोबर ताप, विनाकारण वजन घटणे, पडल्या-झडल्यानंतरची तीव्र कळ किंवा छातीत दुखणे, यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नका. चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नका आणि दुकानातल्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने चालूही ठेवू नका. चालणे आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सोडू नका. कामाची रीतही बदला. वाकून खुरपण्याऐवजी जमेल तिथे लांब दांड्याचे कोळपे वापरा, कापणीला दातेरी वैभव विळा घ्या, पाटीत एका वेळी कमी भरा.

दुखण्याने झोप उडाली, मन खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते मनात ठेवू नका. घरात सांगा. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

शेवटी घरची एक गोष्ट. बोरिवलीहून परतल्यावर मी रोज पहाटे ओटीवर आडवा होऊ लागलो. महिनाभराने एके दिवशी आमच्या घरातून विचारणा झाली, "अहो, हे मानेसाठीही चालते का?" मी म्हटले, "कोणाची मान?" तर म्हणाली, "माझी. चार वर्षे झाली." चार वर्षे माझ्या कंबरेची चर्चा घरात चालली होती, आणि डोक्यावर हंडे वाहून तिची मान दुखते हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. मानेसाठी व्यायाम सांगितला आहे, हंडे आता मी आणि मुलगा आणतो, आणि पहाटे ओटीवर दोन सतरंज्या असतात.

माझी कंबर आजही दुखते. पावसाळ्यात जरा जास्तच. पण गोळी महिन्यातून एखादी लागते, तीही डॉक्टरांना विचारून. पाड्यांवर जातो, बांधावरून चालतो, आणि घरी खेकसत नाही, असे घरचे लोक सांगतात. आज रात्री जेवण झाल्यावर आपल्या घरात कोणाकोणाचे काय दुखते, हे एकदा सर्वांना विचारा. मग सतरंजी अंथरा.